सोळा पायऱ्या कमी

२ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी चहा निवायच्या आत डोकं तापलं. निमित्त झालं एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीचं. हे दैनिक आमच्याकडे येत नाही. आमच्याकडे येतं ते वेगळं, बातम्या देणारं. पण वर्षभरापासून ही दर रविवारी कोपऱ्यावर जाऊन ते विकत आणते. शब्दकोड्यासाठी, असं म्हणते. कोडं सोडवताना मात्र मी तिला एकदाही पाहिलेलं नाही.

तर त्यात ‘दोन दिवस सुटीचे’ नावाचं सदर आहे. शहरातल्या दमलेल्या मंडळींनी शनिवार-रविवारी कुठल्या छोट्या गावात जाऊन जीव रमवावा, हे त्यात सांगतात. आज त्यात आमचं गाव. ही म्हणाली, वाचा तरी. वाचलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणे, आमच्या नदीवरचा पूल मधेच वाकतो, कारण तो दोन गवंडी भावांनी बांधला. दोघांत बोलणं नव्हतं. एक या काठावरून बांधत निघाला, दुसरा त्या काठावरून, आणि मधे आल्यावर टोकाला टोक लागेना. मग झक मारत बोलावं लागलं, आणि पूल वाकवून जोडावा लागला. त्या वाकणात उभं राहून भांडण मिटवलं तर ते पुन्हा होत नाही, असंही पुढे ठोकून दिलंय.

खोटं. धादांत खोटं. मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस हे लिहितो आहे. चौथ्या खांबाच्या जागी पक्का खडक लागेना, म्हणून पूल अकरा अंशांनी वळवला. कागद आहेत. गवंडी भाऊबिऊ नव्हते. एकच कंत्राटदार होता, आणि त्याला सख्ख्या सात बहिणी होत्या.

पुढे म्हणे, नदीपासून वरच्या आळीत जाणाऱ्या गल्लीला ‘मोजून अडुसष्ट पायऱ्या’ आहेत. त्या चौऱ्याऐंशी आहेत. मी या गल्लीच्या वरच्या टोकाला जन्म काढला, दिवसातून दोनदा चढतो-उतरतो. या लेखकाने सोळा पायऱ्या दिवसाढवळ्या गिळल्या, आणि वर ‘मोजून’.

आणि कळस तर शेवटी. ‘पायऱ्या संपतात तिथे एक गृहस्थ राहतात. गावातल्या हरेक वस्तूचं माप त्यांना तोंडपाठ आहे. दारात दिसले तर थांबा, विचारा, ऐका. असा माणूस शहरात मिळत नाही.’ म्हणजे पूल, गल्ली, आणि तिसरं प्रेक्षणीय स्थळ मी.

लेखाखाली सही ‘वाटसरू’. स्वतःचं नाव लावायची छाती नाही. हिला म्हणालो, काय गं हे. ती म्हणाली, मला तर आवडलं, वाचताना आपलंच गाव नवं वाटलं. मी म्हणालो, नवं वाटणारच, ते आपलं नाहीच.

९ फेब्रुवारी, रविवार

काल आणि आज मिळून पुलावर एकशे बारा परके लोक मोजले. आमच्या पुलाला पायवाट आहे एका माणसापुरती, अडीच फुटांची. वाकणात जोड्या उभ्या. एक जण माफी मागतोय, दुसरी मोबाइलवर ते टिपून घेतेय. मागे सायकलवाले, दूधवाले, शाळेच्या बाई, सगळे खोळंबलेले. मी एका जोडप्याला सांगितलं की इथे असं काही होत नाही, खडक लागला नव्हता. नवरा म्हणाला, “काका, आमचं आत्ताच मिटत आलं होतं.” बायको म्हणाली की याला नेहमी असंच काहीतरी कारण लागतं. दोघं भांडतच गेले. त्यात माझा काय दोष?

दुपारी दाराची कडी वाजली. तिशीतली एक बाई, पाठीला पिशवी. “तुम्हीच का ते मापवाले काका?” मी दार लावणार होतो. पण तिने विचारलं की समोरच्या मनोऱ्यावरची घंटा किती उंचीवर आहे, आणि सव्वीस फूट नऊ इंच हे माझ्या तोंडून निघून गेलं. मग पाण्याची टाकी निघाली, शाळेचं पटांगण निघालं, जुना बाजार निघाला. ती निघाली तेव्हा पावणेदोन तास झाले होते. जाताना म्हणाली की लेखातलं तुमच्याबद्दलचं वाचल्यावर मला माझ्या वडिलांना फोन करावासा वाटला. मी म्हणालो, करा की, त्यात वाटायचं काय.

आत आलो तर ही डोळे पुसत होती. कांदा चिरत होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अंदाजाने बोलणं माझ्या रक्तात नाही. टेप घेऊन गल्ली मोजली. दुसरं टोक धरायला खालचा न्हावी आला. मंगळवारी त्याचं दुकान बंद असतं आणि जीभ चालू. “मोजणीसाहेब, पायऱ्या कुठे पळून जातायत का?” वगैरे चाललं होतं त्याचं. मी लक्ष दिलं नाही. पायऱ्या चौऱ्याऐंशी. उंची, रुंदी, झीज, सगळं टिपलं.

मधेच तो म्हणाला, “मला एक कळत नाही. पन्नास लिहिलं असतं, शंभर लिहिलं असतं, तर म्हटलं असतं, फेकलंय. अडुसष्ट कोण फेकतं? हा आकडा कुणीतरी मोजलेला आहे.”

मी म्हणालो, मोजला असेल तर मोजता येत नसणार. तरी मनात किडा वळवळला, म्हणून अडुसष्टावी पायरी नीट पाहिली. खास काही नाही. इतरांपेक्षा चार इंच रुंद, भिंतीला टेकून बसता येईल अशी. न्हावी म्हणाला, चढताना तुम्ही इथेच थांबलात मघाशी. मी म्हणालो, दम लागला. तो म्हणाला, तुम्ही रोज इथेच थांबता, दुकानातून मला दिसतं, दम नसला तरी थांबता. काहीही बोलतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संपादकांना तक्रार लिहिली. सात पानं, सोबत पुलाचा नकाशा, गल्लीचा छेद, प्रत्येक पायरीचा तक्ता. खाली सही, हुद्दा, ‘सेवानिवृत्त’. मागणी एकच. चुकीची माहिती देणाऱ्या या वाटसरूला सदरातून काढून टाकावं.

जेवताना हिला वाचून दाखवली. एरवी ही माझी पत्रं ऐकताना पेंगते. आज टक्क जागी. म्हणाली, सोळा पायऱ्यांसाठी कुणाच्या पोटावर पाय कशाला आणता? कुणी पोरसवदा असेल, नुकतं कुठे बस्तान बसत असेल. मी म्हणालो, कामाची कदर नसलेल्यांची बाजू माझ्यापुढे घेऊ नकोस, एक नमुना या घराने पाहिला आहे.

विषय निघालाच आहे तर लिहून ठेवतो. आमच्या कन्यारत्नाने मोजणी खात्यातली कायमची नोकरी सोडली त्याला अडीच वर्षं झाली. परीक्षेसाठी मी तिचा अभ्यास घेतला होता. पहिल्या दिवशी माझी साखळी तिच्या हातात दिली होती, जमीन मोजायची, तेवीस वर्षं मी वापरलेली. आणि एका संध्याकाळी येऊन म्हणते, बाबा, मला मापं नाही लिहायची, मला गावं लिहायचीत. गावं लिहायची म्हणजे काय? मी तेव्हा स्पष्ट सांगितलं, लिही काय लिहायचं ते, पण माझं नाव लावून लिहू नकोस. आणि या घरात तिचं नाव काढायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं.

तिने माझं ऐकलेलं दिसतं. तिचं नाव कुठे छापून आलेलं मी तरी आजवर पाहिलेलं नाही. यावरून लिखाण कसं चाललंय ते कळतंच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तक्रार रजिस्टर पोस्टाने पाठवली. पाठवली म्हणजे अखेर पाठवता आली. गुरुवारी ही म्हणाली, मी बाजारात जातेच आहे, टाकते पेटीत. शनिवारी विचारलं तर म्हणे राहून गेलं. पाकीट पिठाच्या डब्यामागे सापडलं. इतकी विसराळू ही पूर्वी नव्हती. वयोमान.

एक प्रत दुसऱ्या दैनिकालाही पाठवली, माहितीसाठी. सत्य एकाच ठिकाणी ठेवू नये.

दुपारभर ही फोनवर. तिच्या बहिणीशी, असं म्हणाली. या बहिणीला अडीच वर्षांत बोलण्याचा भलताच नाद लागलाय, रोज दुपारी पाऊण तास. मी खोलीत गेलो की बोलणं पावसापाण्यावर येतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

छापलं! दुसऱ्या दैनिकाने चौथ्या पानावर चौकट टाकली. ‘सुटीच्या सदरात सोळा पायऱ्यांची चोरी. निवृत्त मोजणीदाराने उघडं पाडलं बिंग.’ मथळा मी असा दिला नसता, पण मजकूर बरोबर आहे. हुद्दाही बरोबर छापलाय. न्हाव्याने आरशाला चिकटवलं. मी नको म्हणालो, पण फार जोर लावला नाही.

हिने वाचलं नाही. म्हणाली, डोकं दुखतंय.

गावात मात्र अक्कल कुणाला आलेली नाही. आज उलट गर्दी वाढली. शहरातून पोरंपोरी येतात आणि गल्ली मोजतात. अर्धे अडुसष्ट म्हणणारे, अर्धे चौऱ्याऐंशी म्हणणारे. चौऱ्याऐंशीवाल्यांतला एक जण वर येऊन माझ्याशी हात मिळवून गेला. चांगल्या घरचा वाटला.

एक मात्र खटकलं, ते इथेच लिहितो. पूर्वीच्या लेखाची पुरवणी शोधली, पुरावा म्हणून ठेवावी म्हणून. रद्दीत नाही. ती हिच्या कपाटात निघाली, कपड्यांच्या घडीखाली. एकटी नव्हती. वर्षभराच्या सगळ्या होत्या, तारखेप्रमाणे लावलेल्या. शब्दकोडी सगळी कोरी. इतका कागद घरात साठवायचा म्हणजे वाळवीला आमंत्रण. बोलणार होतो, पण तिचं डोकं दुखत होतं.

६ मार्च, गुरुवार, सकाळी

जिंकलो. संपादकांचं उत्तर आलं. हिला वाचून दाखवणार आहे, त्याआधी इथे उतरवून ठेवतो.

लिहितात: ‘आपली तक्रार सप्रमाण आहे. अन्य दैनिकात ती छापून आल्याने आमच्या अब्रूचाही प्रश्न आहे. ‘दोन दिवस सुटीचे’ हे सदर या आठवड्यापासून थांबवत आहोत. तक्रारीची मूळ प्रत लेखिकेला दाखवून खुलासा मागितला. पुलाची कथा कुणी सांगितली हे सांगण्यास त्यांनी नकार दिला. पायऱ्यांबद्दल त्यांनी एवढंच लिहून दिलं आहे: तक्रारदारांची मोजणी कधी चुकत नाही. चूक माझी आहे. लेखिकेला कामावर ठेवावं की नाही, याचा निर्णय सोमवारी होईल.’

म्हणजे वाटसरू ही बाई निघाली. असो. कबुली दिली हे महत्त्वाचं. शिवाय तिला माझ्या मोजणीची पारख आहे, एवढं तरी मान्य करायला हवं. कथा कुणी सांगितली ते सांगत नाही, म्हणजे कुणी सांगितलेलीच नाही. सांगणारा असता तर पुढे आला असता.

त्याच दिवशी, दुपारी

लगेच लिहितो. लिहिलं नाही तर उद्या मी याचंही काहीतरी वेगळंच मानून बसेन.

पत्र हिला वाचून दाखवलं. ‘चूक माझी आहे’ इथे आलो, आणि ही खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर. मी पाणी आणलं. ते तिने बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “तुमचं अक्षर तिने ओळखलं असणार. पाकिटावरूनच ओळखलं असणार.”

मी म्हणालो, कुणी?

“आता नाव काढू का?” ती म्हणाली. “तुम्ही काढायचं नाही म्हणाला होतात, म्हणून विचारते.”

तेव्हा मला कळलं. सगळं एकदम नाही. आधी पुरवण्या कळल्या, मग बहीण कळली, मग कांदा. आणि खरं सांगायचं तर आधी मला रागच आला. म्हणालो, मला अंधारात ठेवलंत, दोघींनी मिळून. बापाला बनवलंत. आणि टोपणनाव कशाला, स्वतःचं नाव लावलं असतं तर मी काय पाठवली असती तक्रार?

ही म्हणाली, “कुठलं लावणार? तुम्ही तुमचं लावू नको म्हणालात. आपल्यात नाव लिहायचं तर मधे बाप येतो. तिला तुम्हाला वगळून नाव लिहिता येईना, म्हणून तिने नावच टाकून दिलं.”

मी गप्प बसलो नाही. बसायला हवं होतं. म्हणालो, ते सगळं ठीक, पण आकडा? पाच वर्षांची होती तेव्हापासून मी तिला मोजायला शिकवलं. जिने खात्यात काम केलं तिला स्वतःच्या दारच्या पायऱ्या मोजता येऊ नयेत?

ही माझ्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे असं पाहिलेलं मला आठवत नाही. म्हणाली, “वरच्या सोळा पायऱ्या लहानपणी ती कधी चढलीच नाही. शाळेतून तुमच्याबरोबर येताना मोजत यायची, मोठ्याने, मला ओट्यापर्यंत ऐकू यायचं. अडुसष्टावर तिचे पाय दुखायचे. मग ती बसायची, आणि तुम्ही तिला खांद्यावर घ्यायचात. मोजणं तिथे संपायचं. तिच्या गल्लीला अडुसष्टच पायऱ्या होत्या.”

मग पुलाचं निघालं. ती सहा वर्षांची, मैत्रिणीशी भांडण झालेलं, शाळेत जायचंच नाही म्हणून पुलाच्या वाकणात फतकल मारून बसलेली. मला कामावर उशीर होत होता. तेव्हा ते दोन गवंडी कुणी रचले? मी. आणि मिटवलेलं भांडण पुन्हा होत नाही, हे कुणी सांगितलं? ही म्हणाली, घरी आल्यावर तुम्ही मला हसत हसत सांगितलं होतंत, पोरीला कशी शेंडी लावली म्हणून.

मला आठवत नव्हतं. देवाशपथ आठवत नव्हतं. आता आठवतंय, आणि त्याहून वाईट काही नाही. दोन्ही बुटांचे बंद सुटलेले होते तिच्या.

सांगणारा असता तर पुढे आला असता, असं मी आज सकाळीच वर लिहिलं आहे. ते खोडत नाही. राहू दे तसंच.

८ मार्च, शनिवार

काल शहरात जाऊन आलो. सकाळच्या बसने, तीन तास. हिला घेऊन गेलो नाही. ती म्हणाली, तुम्ही एकटेच जा, मी आले तर तुम्ही माझ्याआड लपाल.

दैनिकाचं कार्यालय चौथ्या मजल्यावर. पुढे एक लांब खोली, टेबलाला टेबल लागलेलं, माना खाली घातलेली माणसं. मी कुणाकडे पाहिलं नाही. सरळ संपादकांच्या काचेच्या खोलीत गेलो. संपादक बाई आहेत, पन्नाशीच्या. मी नाव सांगताच उठून उभ्या राहिल्या. वाटलं असेल, आणखी तक्रार आणली.

मी म्हणालो, तुम्ही एका चांगल्या लेखिकेचं सदर बंद केलंत, हे कुठल्या न्यायाने? एका माणसाच्या सात पानांवर? समोर बोलावून विचारलंत का त्याला? कोण, कुठला, काय वैर आहे? आवाज चढला असावा, कारण बाहेरच्या माना वर झाल्या.

त्या शांतपणे म्हणाल्या, “काका, तक्रार तुमचीच होती.”

मी म्हणालो, माझी होती म्हणूनच सांगतो, ती अर्धवट होती. आणि घरून लिहून आणलेला कागद पुढे केला. एक पान. उतारा इथे देतो, प्रत ठेवायची सवय आहे म्हणून.

‘मी खाली सही करणार असं लिहून देतो की पुलाच्या दोन गवंड्यांची कथा मी स्वतः रचली आणि एका सहा वर्षांच्या मुलीला खरी म्हणून सांगितली. तिने ती जशीच्या तशी जपली. कथा सांगणाऱ्याचं नाव तिने दिलं नाही, कारण ते माझं होतं आणि ते वापरायला मी तिला मनाई केली होती. गल्लीच्या मोजणीत मोजणाऱ्याचं नाव व उंची लिहायची राहिली. मी मोजल्या तर पायऱ्या चौऱ्याऐंशी भरतात. लेखिकेने मोजल्या तेव्हा अडुसष्ट भरल्या. उरलेल्या सोळा तिला मी चढू दिल्या नाहीत. दोन्ही मोजण्या बरोबर आहेत. चूक तक्रारदाराची आहे.’

संपादकबाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला. म्हणाल्या, चौकट त्यांनी छापलीये, अब्रू आमची गेलीये, हे तुम्हाला कळतंय ना. मी म्हणालो, हेही छापा, माझी जाऊ दे. माझ्या हुद्द्यासकट छापा. त्या म्हणाल्या, सदराचं मी आज शब्द देत नाही, सोमवारी बघू. काम मात्र जाणार नाही. मग काचेतून बाहेर बघत म्हणाल्या, “ती आठवडाभर मुद्रितं तपासतेय, एक शब्द बोललेली नाही. तिसऱ्या टेबलाशी आहे.”

मी तिच्या टेबलाजवळूनच आत गेलो होतो. तिने मला पाहिलं होतं, आणि मान खाली घातली होती.

वाळलीये. केस आखूड केलेत. टेबलावर गार झालेला चहा, त्यावर साय. मी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, उजेड कमी आहे इथे, डोळे जातील. ती म्हणाली, दिवा सांगितलाय. मी म्हणालो, कधी सांगितलाय? ती म्हणाली, “बाबा, बसा ना.” खुर्ची एकच होती. ती उठली.

थांब्यापर्यंत पोचवायला आली. वाटेत मी एकच बोललो, ते कसं बोललो कुणास ठाऊक. म्हणालो, ते वाटसरू बदल. तिने विचारलं, काय लावू? मी म्हणालो, पूर्ण नाव. ती थांबली. म्हणाली, “पूर्ण म्हणजे?” मी म्हणालो, अर्जावर लिहितात तसं, मधलं गाळायचं नाही. तिने तोंड फिरवलं आणि रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिली. मीही बघितल्या. तेवढ्यात बस आली.

बस खच्चून भरलेली. शुक्रवारची संध्याकाळ, सगळं शहर आमच्याच गावाला निघालेलं. मी दांडा धरून उभा. पुढच्या बाकावरचा एक टायवाला बायकोला सांगत होता की तो लेख म्हणजे शुद्ध थापा आहेत, तिथल्याच एका माणसाने पुराव्यानिशी उघडं पाडलंय, बाईला घरी बसवलंय म्हणे, बरं झालं, असल्या लोकांना असंच पाहिजे.

मी विचारलं, तुम्ही मोजल्यात का पायऱ्या?

तो म्हणाला, “नाही, पण पेपरात आलंय ना.”

मी म्हणालो, मग तोंड बंद ठेवा. जे त्या लेखात आहे ते मी सांगितलेलं आहे, आणि लिहिणारी माझी मुलगी आहे. हे जरा मोठ्याने झालं. मागच्या दारापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण कंडक्टरही बघायला लागला.

पुढचा थांबा आला. मग त्या टायवाल्याच्या बायकोने त्याला खिडकीकडे ढकललं आणि मला बसायला जागा करून दिली.